फिकट ते गडद

फेब्रुवारीत बंदर गोठलं की
ठरवून टाळलेलं एक काम समोर येतं:
मागच्या खोलीतलं कापड लावायचं.

खोली कसली. धुण्याचं मशीन, तेलाचा हीटर,
खिडकीखाली शिवणयंत्र,
आणि उरलेल्या जागेत कापड.
खोक्यांत कापड, पियानोच्या बाकात कापड,
ऑरिनच्या लॉब्स्टरच्या मोडक्या पिंजऱ्यातसुद्धा
फ्लॅनेलचे सात गठ्ठे.
डीप फ्रीझरमध्ये, हॅडॉकच्या खाली काय आहे
हे त्याला अजून कळलेलं नाही.

"एवढं शिवायला दीडशे वर्षं लागतील तुला," तो म्हणतो.
लागू देत. मी कुठे घाईत आहे?

पण यंदा गुडघ्याने दगा दिला,
स्टुलावर चढवेना.
म्हणून शेजारच्या झ्विकरांच्या एमरीला बोलावलं.
वय तेरा. तासाला आठ डॉलर आणि आल्याची बिस्किटं.
त्याला नीट समजावलं:
पुठ्ठ्याला गुंडाळायचं, घडी बाहेर, कड आत,
लाल लालात, हिरवं हिरव्यात,
वितीहून लहान तुकडा असेल तो बरणीत.
हो हो म्हणाला. मान खाली घालून.

तेवढ्यात ग्रेटाचा फोन.
बहिणीच्या कमरेचं पुराण पाऊण तास चालतं.

परतले तर तीन फळ्या लागलेल्या,
आणि विटकरी लालाला खेटून शेवाळी हिरवा,
त्याच्याशेजारी तपकिरी, पुन्हा हिरवा, मग किरमिजी.
मी तोंड उघडलं.

त्याने माझं तोंड बघितलं आणि स्वतःच्या पायांकडे.
एक मोजा मरून, एक हिरवा.
"मला हे दोन वेगळे दिसत नाहीत, मिसेस कॉर्कम.
शाळेत कुणाला माहीत नाही.
तुम्ही आठ डॉलर म्हणालात, म्हणून..."

मग लावलंस कशावरून?

"कुणात किती उजेड आहे, त्यावरून."

मी चष्मा काढला.
फळीच्या डाव्या टोकाला दुधाळ, मग सायीसारखं, मग राखाडी,
आणि तसंच उतरत उतरत
उजवीकडे ओल्या धक्क्याच्या लाकडाइतकं काळोखं.
एक पायरी चुकलेली नव्हती.

चर्चच्या तळघरात म्हातारी अल्फ्रेडा ओरडायची,
डोळे बारीक कर, विल्मा, डोळे बारीक कर,
आणि मला वाटायचं, हिला दिसत नाही म्हणून सांगतेय.

भिंतीवरून ग्रेटाच्या लग्नाचा फोटो काढला.
पलंगावर माझी गोधडी:
हिरव्यावर लाल चांदण्या, चौऱ्याऐंशी,
आठ महिने, बोटांची चाळण.
लग्नात सगळे म्हणाले, सुरेख.
दारातून बघणारा एकही जण
चांदण्यांबद्दल बोलला नव्हता.

"यात काय दिसतं रे?"
फोटो खिडकीशी नेऊन त्याने बराच वेळ बघितला.
"पांघरूण आहे. मोठं."
"आणि चांदण्या?"
"कुठे?"

मला इतकं हसू आलं की गुडघा विसरून
मी त्या पिंजऱ्यावरच बसले, फ्लॅनेलसकट.
एकतीस वर्षं.
दोन्ही रंग सारखेच गडद, एकमेकांत बुडालेले,
आणि मी दोष द्यायचे ग्रेटाच्या दिव्यांना.

फळ्या तशाच राहू दिल्या.
उरलेल्या पाच शनिवारी लावू म्हटलं,
पैसे दिले तीन तासांचे, भरले होते अडीच.
तो बूट घालायला लागला
तेव्हा मला राहवेना.
त्याचं गुपित माझ्याकडे फुकटात राहिलं असतं.

"इकडे ये. ऑरिनला सांगायचं नाही."
फ्रीझरचं झाकण उघडलं, हॅडॉक बाजूला सारले,
बर्फाने कडक झालेली पिशवी सोडली.
पाच वार बाटिक.

एमरीने हात पुढे केला, मग मागे घेतला.
"हा निळा आहे," तो म्हणाला.
पहिल्यांदाच वर बघून, खात्रीने.
"हा मला दिसतो."